खमीर घरी ठेवून

पेसाख या ज्यू सणाच्या आधीच्या दिवसांत एखाद्या कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या, स्वयंपाकघरात डोकावलं, तर आत दुरुस्तीचं काम निघालंय असं वाटतं. ओव्हन रिकामा करून रसरशीत तापवलेला असतो. कोणीतरी शेगडीच्या लोखंडी जाळीवरून ब्लोटॉर्चची ज्योत फिरवत असतं. भल्यामोठ्या पातेल्यात पाणी खळखळत असतं; डाव, झारे, पळ्या त्यात पूर्ण बुडवायच्या आणि बाहेर काढून लगेच गार पाण्यात टाकायच्या. त्याआधी चोवीस तास ती भांडी वापरलेली चालत नाहीत. ओट्यांवर उकळतं पाणी ओतून झालं की वर फॉइल अंथरायचं, कडा टेपने चिकटवायच्या. यामागचा नियम साधा आहे. अन्न भांड्यात ज्या वाटेने शिरलं त्याच वाटेने ते बाहेर काढायचं. आगीवर भाजून शिरलं असेल तर आगीने, पाण्यात शिजून शिरलं असेल तर उकळत्या पाण्याने.

जे काढायचं त्याला खामेत्झ म्हणतात. गहू, बार्ली, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांपैकी कशाच्याही पिठाला पाणी लागलं आणि ते अठरा मिनिटांच्या आत भट्टीत गेलं नाही, तर ते खामेत्झ. पाव, बिस्किटं, शेवया, बिअर, सगळं त्यात आलं. इजिप्तमधल्या गुलामीतून पळताना ज्यूंना पीठ फुगायला वेळ मिळाला नाही, म्हणून त्या सुटकेच्या आठवणीत आठ दिवस (इस्राएलमध्ये सात) खमिराचा कणही घरात ठेवायचा नाही. खायचा तो मात्झा, म्हणजे कडक, बिनखमिरी, भोकं पाडलेला पापुद्रा.

कणही नाही म्हणजे खरोखरच कण नाही. माझी मामेबहीण लग्न होऊन न्यूयॉर्कच्या एका ज्यू घरात गेली, तेव्हा पहिल्या वर्षी सासूबाईंनी तिच्या हातात टूथब्रश दिला होता. तो टोस्टरमागची फट घासायला होता. कोटांचे खिसे उलटे करायचे, गाडीच्या सीटांखाली व्हॅक्यूम फिरवायचा, पुस्तकं झटकायची, कारण वाचताना कोणीतरी बिस्किट खाल्लेलं असतंच. "ताई, दिवाळीची साफसफाई म्हणजे याच्यापुढे सुट्टी गं," असं ती मला फोनवर म्हणाली होती. ठाण्याच्या चाळीत वाढलेल्या मुलीने हे म्हणावं, यातच काय ते आलं.

म्हणून या खेपेला तिच्या घराने ठरवलं, सेदर (पेसाखच्या पहिल्या दोन रात्रींचं विधीचं जेवण) घरी करायचा नाही. मुलं, नवरा, सासूबाई असे सगळे फॉल्स व्हिलेजला जाणार. आणि मी अमेरिकेत होतेच, तर मीही.

फॉल्स व्हिलेज हे कनेटिकट राज्याच्या वायव्य कोपऱ्यातलं छोटं गाव. हूसाटॉनिक नदीचा धबधबा आहे, त्यावरूनच नाव पडलं. अॅपलाचियन ट्रेल नावाची हजारो किलोमीटरची पायवाट गावाजवळून जाते. तिथल्या टेकड्यांत एका तळ्याच्या काठी इसाबेला फ्रीडमन ज्यूइश रिट्रीट सेंटर आहे. लाकडी खोल्या, कोशर स्वयंपाकघर, प्रार्थनेची जागा, शेत आणि भोवती रान. रिट्रीट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे योगासनं आणि ग्रीन टी येतो. इथे तेही आहे, पण या जागेचा इतिहास त्याहून बराच घामट आहे.

संस्थेची सुरुवात १८९३ ची. न्यूयॉर्कच्या शिवणकामाच्या कारखान्यांत राबणाऱ्या ज्यू मुलींना उन्हाळ्यात चार दिवस मोकळी हवा मिळावी म्हणून शहरातल्या सधन ज्यूंनी ‘ज्यूइश वर्किंग गर्ल्स व्हेकेशन सोसायटी’ काढली. पूर्व युरोपातून बोटीने आलेल्या, कोंदट खोल्यांत दिवसभर मशीन चालवणाऱ्या पोरी होत्या त्या. त्यांना तळं आणि झाडं दाखवणं हा तेव्हाचा समाजसुधारणेचा भाग होता. १९५० च्या दशकात संस्था फॉल्स व्हिलेजला आली. मध्ये बरीच वर्षं इथे मुख्यतः वृद्ध मंडळी उन्हाळा काढायची. मग १९९४ मध्ये ‘टेवा’ नावाचा उपक्रम सुरू झाला, ज्यू शाळांतल्या मुलांना रानात नेऊन निसर्ग शिकवणारा. २००३ मध्ये ‘अदामा’ सुरू झालं. विशीतली मुलंमुली काही महिने इथे येऊन राहतात, शेती करतात, प्रार्थना करतात, लोणची घालतात. पुढे ही सगळी कामं ‘हाझोन’ या पर्यावरणवादी ज्यू संघटनेत विलीन झाली, आणि २०२३ मध्ये हाझोन आणि मेरीलँडमधलं पर्लस्टोन केंद्र एकत्र येऊन त्या मोठ्या संस्थेचंच नाव ‘अदामा’ झालं.

लोणची घालतात हे मी मुद्दाम लिहिलं. हे शेत आंबवण्यासाठी प्रसिद्ध आहे. कोबी, काकडी, बीट मिठाच्या पाण्यात घालून आंबवायचे, बरण्या भरायच्या, विकायच्या. आणि इथेच खमीर हद्दपार करणारा सण साजरा करायचा! तांत्रिकदृष्ट्या यात काहीच अडचण नाही. बंदी धान्याच्या खमिरावर आहे, कोबीच्या नाही. तरी तळघरात बुडबुडे सोडणाऱ्या बरण्या आणि वर ब्लोटॉर्च हे दृश्य मनात आणून मला मजा वाटली.

सणासाठी घर सोडून जाणं हे काही नवं खूळ नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. विसाव्या शतकात न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरांत ज्यू मंडळींच्या हॉटेलांची रांगच होती. ग्रॉसिंगर्स, कॉन्कॉर्ड अशी नावं तिथली म्हातारी माणसं अजून हळवी होऊन घेतात. पेसाखला तिथे जायचं, टोस्टर हॉटेलचा, टूथब्रश हॉटेलचा. आता तीच सोय फ्लोरिडात आहे, मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आहे, माणशी हजारो डॉलर मोजून. आपल्याकडेही नरकचतुर्दशीला घराला कुलूप लावून कोकणातल्या रिसॉर्टवर उटणं लावणारी कुटुंबं वाढली आहेत. त्यांना नावं ठेवणारेही वाढले आहेत. मी दोन्ही बाजूंना थोडी थोडी आहे. सण घरातून उचलून दुसरीकडे नेला की त्यातलं काय सोबत येतं आणि काय मागे राहतं, हे बघायलाच मी गेले होते.

आदल्या रात्री खामेत्झ शोधायचा विधी असतो. पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून मोठ्यांनी लपवायचे, दिवे मालवायचे आणि मुलांनी मेणबत्ती, पीस आणि लाकडी चमचा घेऊन ते हुडकायचे. खोल्या लाकडी म्हणून मेणबत्तीऐवजी टॉर्च. नऊ वर्षांच्या भाच्याने नऊ तुकडे शोधले. दहावा काही केल्या सापडेना. लपवणारा त्याचा बाप, आणि त्यालाही आठवेना. सासूबाई पलंगावर बसून सगळं बघत होत्या. शेवटी त्यांनी उशीच्या अभ्र्याकडे नुसतं बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दहाही तुकडे पिसाचमच्यासकट जाळले. घरी क्वीन्सच्या फ्लॅटमध्ये हे बादलीत करावं लागतं आणि धुराचा अलार्म वाजतो. इथे उघड्यावर होळीच पेटली होती आणि पन्नासेक माणसं भोवती हात शेकत उभी होती, कारण एप्रिल असला तरी थंडी होती.

या थंडीबद्दल थोडं लिहायला हवं. पेसाख हा वसंताचा सण. अभ्यासकांच्या मते मुळात हे दोन सण असावेत, मेंढपाळांचा कोकराचा आणि शेतकऱ्यांचा नव्या बार्लीचा. इजिप्तमधून सुटकेची कथा या दोन्हींना बांधून आहे. तोरा या ज्यू धर्मग्रंथात तर आज्ञाच आहे की हा सण वसंतातच यायला हवा. ज्यू महिने चांद्र, वर्ष मात्र सूर्याशी जुळवलेलं, म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना धरतात. हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. सेदर नीसान महिन्याच्या पौर्णिमेला येतो आणि ती पुष्कळदा आपलीच चैत्री पौर्णिमा असते. २०२४ मध्ये २२ एप्रिलच्या संध्याकाळी जगभर सेदर झाला आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात हनुमान जयंती होती. योगायोग असा की २२ एप्रिल हा वसुंधरा दिनही.

शहरातल्या फ्लॅटमध्ये यातलं काही कळत नाही. सेदरच्या ताटातला अजमोदा सुपरमार्केटमधून येतो, चंद्र समोरच्या इमारतीमागे असतो. इथे मात्र दुपारी सगळ्यांना कुदळी देऊन शेताच्या कडेला नेलं. सेदरच्या ताटात कडू काहीतरी लागतं, गुलामीच्या कडवटपणासाठी. पूर्व युरोपातल्या ज्यूंनी त्यासाठी हॉर्सरॅडिश धरलं, मुळ्याच्या कुळातलं, मोहरीसारखं नाकात जाणारं. बाटलीतलं, बीट घालून गुलाबी केलेलं मी पाहिलं होतं. जमिनीतलं पहिल्यांदा पाहिलं. चिखलाळ मातीतून हातभर लांब, पांढरट, गाठाळ मूळ ओढून काढावं लागतं. ते अर्ध्यात तुटतं आणि उरलेलं पुढच्या वर्षी पुन्हा फुटतं. धुऊन, सोलून किसायला बसलो. किसणीवर चार-पाचदा ओढलं की डोळ्यांतून पाणी, मग नाकातून, मग खोकला. सहा वर्षांची भाची रडत होती आणि हसत होती. सासूबाईंनी तोंडाला रुमाल बांधला आणि सगळं मूळ एकटीने संपवलं. त्यांच्या आईने ब्रुकलिनमध्ये खिडकी उघडून, डोकं बाहेर काढून हे किसल्याचं त्यांनी सांगितलं. माझ्या मते त्या सगळ्या दिवसांतलं सर्वांत खरं काम ते होतं.

बाकी निसर्गाने सहकार्य केलं नाही. नीसान महिन्यात फुललेलं फळझाड पाहून वर्षातून एकदा म्हणायची प्रार्थना आहे. ती म्हणायला मंडळी उत्साहाने निघाली. पण नीसान लागल्याचं कनेटिकटच्या सफरचंदांना कोणी कळवलेलं नव्हतं. कळ्या घट्ट मिटलेल्या. पेसाखच्या पहिल्या सकाळी दवासाठी प्रार्थना म्हणतात, कारण इस्राएलमध्ये त्यानंतर पाऊस थांबतो आणि पिकांना दवाचाच आधार उरतो; आम्ही ती म्हणत होतो तेव्हा छपरावर पाऊस वाजत होता. दुसऱ्या रात्रीपासून ओमेर मोजायला सुरुवात होते, बार्लीच्या कापणीपासून गव्हाच्या कापणीपर्यंत एकोणपन्नास दिवस. आणि इथे शेतात नांगरही नीट फिरलेला नाही. दोन हजार वर्षं हे लोक दुसऱ्या कुठल्या तरी देशाचं हवामान प्रार्थनेत सांभाळत आले आहेत. निसर्गाजवळ जाऊन सण करा म्हणणाऱ्यांनी हा पेच पुरता सोडवलाय असं मला वाटलं नाही. कॅलिफोर्नियात ‘वाइल्डरनेस तोरा’ ही संस्था पेसाखला लोकांना वाळवंटात तंबूत नेत आली आहे. निदान इजिप्तमधून लोकांना सोडवून नेणाऱ्या मोशेच्या भटकंतीशी ती जागा जुळते तरी. कनेटिकटमध्ये चिखल होता. पण चिखल हाही वसंतच आहे असं तिथली शेतकरी मुलगी म्हणाली, आणि ते बरोबरच होतं.

सेदर अंधार पडल्यावर सुरू होतो. सणाच्या पहिल्या दोन दिवसांत लिहिणं, फोटो काढणं धर्मनिष्ठांना वर्ज्य, म्हणून मीही वही खोलीत ठेवली. पुढचं सगळं आठवणीतून.

लांब टेबलं, प्रत्येक कुटुंबाचं वेगळं. मधल्या ताटात किसलेलं मूळ, मिठाच्या पाण्यात बुडवायला हिरवा पाला, उकडलेलं अंडं, सफरचंद-अक्रोड-दालचिनीचा गारा, जो गुलामांनी कालवलेल्या मातीची आठवण म्हणून खातात. कोकराच्या हाडाऐवजी आमच्या टेबलावर भाजलेलं बीट. शाकाहाऱ्यांनी काढलेली ही नवी पळवाट असेल असं मला वाटलं. पण बीट चालतं हे तालमूद या प्राचीन धर्मग्रंथातच आहे. प्रत्येकापुढे हग्गादा, सेदर कसा करायचा ते सांगणारी पोथी. तिच्या हजारो आवृत्त्या आहेत. अमेरिकेत १९३२ पासून मॅक्सवेल हाऊस ही कॉफी कंपनी ती फुकट वाटते आणि कित्येक घरांत अजून कॉफीचे डाग पडलेली तीच वापरतात. १९६९ मध्ये आर्थर वॉस्को यांनी वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या तळघरात ‘फ्रीडम सेदर’ केला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला त्या रात्री वर्ष होत होतं, आणि तेव्हापासून आपापल्या काळाची गुलामी हग्गादात घालायला लोकांना मोकळीक मिळाली. गेल्या काही वर्षांत ही मोकळीक जड झाली आहे. २०२४ मध्ये गाझातल्या ओलिसांसाठी अनेक घरांनी टेबलाशी एक खुर्ची रिकामी ठेवली. काही घरांत गाझातल्या मेलेल्यांबद्दल कोणी बोललं म्हणून जेवण अर्ध्यावर मोडलं. आमच्या शेजारच्या टेबलावर बापलेकीत याच विषयावरून आवाज चढले. मग सूप आलं.

आमच्या टेबलावर आणखी एक गोष्ट होती. मामेबहिणीने एका पानाची छापील प्रत आणली होती, १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या हग्गादाचं पान. बेने इस्राएलींसाठी, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंसाठी, काढलेल्या त्या हग्गादात हिब्रूशेजारी मराठी आहे आणि चित्रांत साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्झा करताना दिसतात. त्याहीआधी, १८४६ मध्ये, मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा निघाला होता. अलिबाग-नवगावच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं तेल गाळत आलेल्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या माणसांना मधल्या काळात इजिप्तची गोष्टच आठवत नव्हती. पण या दिवसांत आंबट रसाचं मडकं झाकून ठेवायचं एवढं त्यांनी सोडलं नाही. पुढे रीत पुन्हा शिकल्यावर पेसाखला घराला चुना लावणं, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करून घेणं, वाइनऐवजी मनुकांचं सरबत आणि सफरचंदाच्या गाऱ्याऐवजी खजुराचा रस हे सगळं आलं. ब्लोटॉर्च आणि कल्हईवाल्याची भट्टी, काम एकच.

भाच्याने ते पान बराच वेळ पाहिलं. सेदरमध्ये सगळ्यात धाकट्याने चार प्रश्न विचारायचे असतात, ते त्याच्या बहिणीने गाऊन झाले होते. त्याने पाचवा विचारला. या बायका काम करताहेत, मग त्यांचा सेदर कोण करतंय?

हसण्यावारी गेलं, पण हा प्रश्न त्या जेवणघरात सगळीकडे होता. पेसाख मोकळं होण्याचा सण, आणि तो जवळ आला की घरातली बाई महिनाभर मोकळी नसते. इथे येऊन मामेबहीण मोकळी झाली, सासूबाई मोकळ्या झाल्या, बाप्येही मदत केल्याचं नाटक करण्यातून मोकळे झाले. काम मात्र नाहीसं झालं नव्हतं. ते स्वयंपाकघराच्या झुलत्या दारापलीकडे गेलं होतं. तिथे रात्री साडेअकरालाही भांडी आपटत होती. १८९३ च्या त्या शिवणकाम करणाऱ्या पोरींसाठी निघालेल्या संस्थेत बसून मला ते जास्तच ऐकू येत होतं. पैसे मोजून घेतलेली सुट्टी वाईट असं मी म्हणणार नाही. टूथब्रशने फट घासण्यात काही पुण्य आहे असंही मला वाटत नाही. पण त्या घासण्यामुळेच मामेबहिणीच्या मुलांना कळतं की काहीतरी येऊ घातलंय. इथे सण एकदम वाढलेल्या ताटासारखा पुढे आला.

आणि तरीही मध्यरात्रीच्या सुमारास, एलियाह संदेष्ट्यासाठी दार उघडायची वेळ आली तेव्हा, जे झालं ते क्वीन्समध्ये झालं नसतं. तिथे दार उघडलं की कॉरिडॉर आणि शेजाऱ्यांचा कुत्रा. इथे दोघा पोरांनी जेवणघराची दुहेरी दारं ढकलली आणि तळ्यावरच्या बेडकांचा आवाज आत घुसला. स्प्रिंग पीपर म्हणतात त्यांना, अंगठ्याच्या पेराएवढे, पण हजारोंनी मिळून असे किंचाळतात की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. सुटकेच्या कथेत देवाने इजिप्तवर पाठवलेल्या दहा संकटांतलं दुसरं बेडकांचंच. मुलं टेबलावर चढली, कोणीतरी ओरडलं ‘आले!’, आणि सेदरचं गाणं पाच मिनिटं कोणालाच सुरात म्हणता आलं नाही. पौर्णिमेचा चंद्र ढगात होता. पण आज पौर्णिमा आहे हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, कारण दुपारी शेतात कोणीतरी ते सांगितलं होतं. शहरातल्या किती सेदरांत ते कोणाला माहीत असतं?

जेवणाचं थोडक्यात. युरोपीय वंशाचे ज्यू पेसाखला भात, डाळी, मका, शेंगाही खात नाहीत. ही जुनी रूढी आहे, मूळ नियम नाही. बेने इस्राएली आणि इतर पूर्वेकडचे ज्यू भात खातात. अमेरिकेतल्या मध्यममार्गी ज्यूंच्या धर्ममंडळाने २०१५ मध्ये डाळ-भाताला परवानगी दिली. तरी सासूबाईंना ती मान्य नाही. "ऐंशी वर्षं नाही खाल्लं, आता काय खाऊ," एवढाच त्यांचा युक्तिवाद. मामेबहीण आठ दिवस वरणभाताशिवाय राहते आणि नवव्या दिवशी कुकर लावते. मात्झाचं म्हणाल तर पहिल्या दिवशी लोणी लावून छान लागतो, तिसऱ्या दिवशी खोक्यापेक्षा वेगळा लागत नाही.

प्यू या संशोधन संस्थेच्या २०२० च्या पाहणीत अमेरिकेतल्या ६२ टक्के ज्यू प्रौढांनी आदल्या वर्षी सेदरला हजेरी लावल्याचं सांगितलं. सिनेगॉगला नियमित जाणारे याहून पुष्कळच कमी. म्हणजे सण टिकलाय तो देवळामुळे नाही, घरातल्या टेबलामुळे. म्हणूनच ते टेबल कुठे मांडायचं हा वरवरचा प्रश्न नाही, आणि आमच्या गाडीत परतीच्या वाटेवर त्यावरूनच जुंपली.

सणाचे मधले दिवस उरलेले होते. घरी तर साफसफाई झालेलीच नव्हती. त्यावर सोय असते: खामेत्झ ठेवलेली कपाटं रब्बी या ज्यू धर्मगुरूमार्फत कागदोपत्री एका बिगरज्यूला विकायची, त्यांना टेप लावायची आणि आठ दिवस कागदी ताटल्यांत जेवायचं. मामेबहिणीच्या नवऱ्याने तेच केलं होतं. त्याला रिट्रीट फार आवडलं होतं. पुढच्या वर्षीची नोंदणी आत्ताच करून टाकू म्हणाला. सेदरच्या शेवटी ‘पुढच्या वर्षी यरुशलेममध्ये’ म्हणायची प्रथा आहे. सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी क्वीन्समध्ये. पहिला सेदर माझ्या टेबलावर. दुसऱ्याला कुठल्या चिखलात जायचं तिथे जा."

"आई, घासणार कोण?"

त्यांनी यादी आधीच केली असावी. फ्रिज तू. ओव्हन तू. गाडीच्या सीटा आणि कोटांचे खिसे पोरांनी. हॉर्सरॅडिश मी किसेन, खिडकी उघडून.

"आणि मी?" मामेबहिणीने मागून विचारलं.

"तू माझ्याशेजारी उभी राहून मात्झाच्या गोळ्यांचं सूप शिक. मी लिहून देणार नाही."